हरण्याची सवय कशी मोडते?

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजात जिमखान्याचे काम माझ्याकडे आले. कॉलेज तालुक्याच्या गावचे, मुले बहुतेक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. अंगाने काटक, पण कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पहिल्याच फेरीत गारद होण्याचा आमचा जणू परिपाठ पडला होता. संघाची यादी करायला बसलो, तेव्हा एक मुलगा हसत हसत म्हणाला, "सर, यंदा हरायला कुठं जायचंय?" बाकीची मुलेही हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र ते हसणे मला टोचू लागले. मुले हरतात याचे एवढे काही नाही. खेळ म्हटला की कोणीतरी हरायचाच. पण हरणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना जिंकायला शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता मला अमेरिकेतल्या एका कॉलेजची हकिगत सापडली. तीच आज आपल्याला सांगणार आहे. खेळ आपल्या परिचयाचा नाही, गाव तर हजारो कोस दूर. पण आपल्या शाळेतल्या गुरुजींना आणि गावच्या तालमीच्या वस्तादांना ती ओळखीची वाटेल असा माझा भरवसा आहे.

अमेरिकेच्या अगदी मध्यावर कॅन्सस नावाचे राज्य आहे. गव्हाचा मुलूख. नजर पोहोचेल तिथवर सपाट रान, आणि पावसाची धास्ती आपल्यासारखीच. या राज्यात मॅनहॅटन नावाचे एक गाव आहे. न्यूयॉर्कमधले गगनचुंबी इमारतींचे मॅनहॅटन वेगळे. हे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे साधे गाव. १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी जमिनी राज्यांना द्यायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढायची, असा त्याचा आशय. त्या कायद्याच्या आधाराने १८६३ साली मॅनहॅटनला जे कृषी महाविद्यालय निघाले, तेच आजचे कॅन्सस स्टेट विद्यापीठ. आपल्याशीही त्याचा थोडा ऋणानुबंध आहे. १९६४ साली हैदराबादेस आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या उभारणीत याच कॅन्सस स्टेटच्या प्राध्यापकांनी हातभार लावला होता.

शेतीच्या विद्येत नावाजलेले हे विद्यापीठ फुटबॉलमध्ये मात्र सगळ्या अमेरिकेच्या थट्टेचा विषय होते.

पुढे जाण्यापूर्वी हा फुटबॉल म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता; तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. शंभर यार्डांचे मैदान. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून खाली पाडायचे. आपल्या कबड्डीतली पकडच म्हणा ना, फक्त अंगावर चिलखतासारखा जामानिमा आणि डोक्याला शिरस्त्राण. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. असा हा दहा-दहा यार्डांनी, वीत-वीत रान काढण्याचा खेळ आहे. हे ध्यानात ठेवा, कारण आपल्या गोष्टीचे मर्मही त्यातच आहे.

अमेरिकेत या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. आणि नवल असे की, कॉलेजांच्या सामन्यांनाही पन्नास-पन्नास हजार, कुठे लाखभर माणसे जमतात. शनिवारी सामना असला की शेतकरी सहकुटुंब गाडी काढून येतात. कॉलेजचा संघ म्हणजे साऱ्या मुलखाचा संघ. तो जिंकला तर आठवडाभर गावात ताठ मानेने वावरायचे, आणि हरला तर चेष्टा सोसायची.

कॅन्सस स्टेटने किती चेष्टा सोसली असेल, ते आकडेच सांगतील. १९८९च्या हंगामापूर्वीच्या ९३ हंगामांत हा संघ २९९ सामने जिंकला होता आणि ५१० हरला होता. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांत पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारा हा पहिला संघ! आपल्या गटातले अजिंक्यपद त्याने एकदाच, १९३४ साली मिळवले होते. हंगामाअखेर चांगल्या संघांना मानाच्या सामन्याचे आमंत्रण येते; ते आमंत्रणही तोवर एकदाच, १९८२ साली आले होते. १९८६ ते १९८८ या तीन हंगामांत ३३ सामने झाले, त्यांत विजय फक्त दोन. त्यांतले शेवटचे दोन हंगाम तर एकाही विजयावाचून गेले. १९८९ साली स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या प्रसिद्ध साप्ताहिकाने या संघावर मोठा लेख छापला. त्याच्या मथळ्याचा भावार्थ आपल्या भाषेत 'निष्फळ विद्यापीठ' असा होईल.

आता आपण म्हणाल, खेळच तो. हरले तर हरले, शिक्षण तर चालू होते ना? सरळ माणसाच्या मनात हा प्रश्न यायचाच. पण तिथली परिस्थिती पाहा. १९८०च्या दशकात अमेरिकेतला शेतकरी कर्जाखाली दबला होता, कित्येकांच्या जमिनी लिलावात गेल्या. कॅन्सस स्टेटची विद्यार्थिसंख्या घटत होती. हा संघ बिग एट नावाच्या आठ कॉलेजांच्या गटात खेळे. त्या गटात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांच्यासारखे महाबली होते. अशा गटात या दुबळ्या संघाला ठेवावे तरी कशाला, अशी कुजबुज सुरू झाली होती. गटातून नाव गेले असते, तर सामन्यांचे उत्पन्न बुडाले असते आणि फुटबॉलबरोबर इतर खेळांवरही गदा आली असती. १९८६ साली विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून जॉन वेफल्ड आले. या प्रश्नाकडे काणाडोळा करायचा नाही, असे त्यांनी ठरवले. १९८८च्या नोव्हेंबरात त्यांच्या विद्यापीठाने एक नवा प्रशिक्षक नेमला. त्याचे नाव बिल स्नायडर.

स्नायडर तेव्हा ४९ वर्षांचे होते. त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तरुणपणी हायस्कुलांत मुले घडवलेला हा माणूस. पुढे आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी दहा हंगाम सहायक म्हणून काढले. आयोवाचा संघही आधी वर्षानुवर्षे हरणारा होता. तो सावरताना स्नायडर यांनी जवळून पाहिले होते, नव्हे, त्या कामात त्यांचा स्वतःचा हात होता. कॅन्ससला येताच ते जे बोलले त्याचा आशय असा होता : कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट घडवण्याची संधी आज इथे आहे, आणि ते काम कोणी सोपे समजू नये. ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांनी मनात म्हटले असेल, बोलायला काय जाते!

मग या माणसाने केले तरी काय? मला त्यात पाच गोष्टी दिसतात. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट. यंदा इतके सामने जिंकायचे, असा आकडा त्यांनी मुलांपुढे ठेवला नाही. हरण्याची सवय लागलेल्याला 'अजिंक्यपद मिळवू' असे सांगितले, तर त्याला ते खोटे वाटते, आणि एकदा हरला की तो पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसतो. स्नायडर यांनी मागणी केली ती अशी : आज तू काल होतास त्यापेक्षा थोडा बरा हो. एवढेच. उद्या पुन्हा थोडा. त्यांनी सोळा उद्दिष्टांची एक यादी केली होती. बांधिलकी, निःस्वार्थ वृत्ती, एकी, सुधारणा, कणखरपणा, स्वयंशिस्त, चुका टाळणे, हार न पत्करणे, सातत्य, जबाबदारी अशी ती चढती माळ. सोळांतले एकही उद्दिष्ट गुणफलकाशी बांधलेले नाही. प्रत्येक गोष्ट मुलाच्या स्वतःच्या हातातली. सामना जिंकणे सर्वस्वी आपल्या हाती नसते. वेळेवर येणे, काल सुटलेली पकड आज न सोडणे, हे मात्र असते.

दुसरी गोष्ट माणसांची. देशातले नामी खेळाडू नेब्रास्का-ओक्लाहोमा सोडून कॅन्ससला येणार नव्हते. तेव्हा स्नायडर यांनी दुसरीकडे नजर वळवली. अमेरिकेत दोन वर्षांची छोटी महाविद्यालये असतात, कॅन्ससात तर गावोगावी आहेत. मार्क कमी पडले, शरीर उशिरा भरले किंवा कोणाच्या नजरेस आले नाही, अशी मुले तिथे दोन वर्षे काढतात. वयाने थोडी मोठी, अपयशाचा चटका खाल्लेली आणि दुसऱ्या संधीची भुकेली. अशांना त्यांनी वेचून आणले. पुढे ज्याने संघाला शिखराजवळ नेले तो मायकेल बिशप टेक्ससमधल्या अशाच एका छोट्या महाविद्यालयातून आला होता. ब्रेंट व्हेनेबल्स हा कॅन्ससचाच मुलगा; गार्डन सिटीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयातून तो इथे आला, खेळला, मग तिथेच सहायक प्रशिक्षक झाला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले.

शिष्यवृत्तीवाचून, नुसत्या हौसेने संघात येणाऱ्या स्थानिक मुलांनाही स्नायडर यांनी दार उघडे ठेवले. जॉर्डी नेल्सन हा जवळच्याच रायली भागातला शेतकऱ्याचा मुलगा. शिष्यवृत्ती नसताना संघात आला. प्रशिक्षकांनी त्याची खेळायची जागा बदलून पाहिली आणि त्याचे गुण बाहेर आले. पुढे व्यावसायिक खेळात त्याने २०११ साली सुपर बाऊल हा सर्वोच्च सामना आपल्या संघाबरोबर जिंकला. आणि खेळ संपल्यावर तो पुन्हा शेतीकडे परतला.

तिसरी गोष्ट थोडी वादाची आहे. त्या काळी हंगामात अकरा सामने असत. त्यांतले सात गटातल्या कॉलेजांशी, ते काही टळत नव्हते. उरलेले चार कोणाशी खेळायचे ते ठरवणे हातात होते. दुबळी कॉलेजे पुष्कळदा बिदागीच्या पैशासाठी बलाढ्य संघाच्या मैदानावर जाऊन मार खाऊन येतात. स्नायडर यांनी उलट केले. त्यांनी या चार जागांवर बेताचे, आपल्याला पेलतील असे प्रतिस्पर्धी घेण्याचा प्रघात पाडला. यावर टीका खूप झाली. पण शेतकरी बंधूंना मी विचारतो, नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी काळ्या रानात नांगराला जुंपतो का आपण? आधी हलके काम, मग मानेला जूची सवय, मग नांगर. जिंकण्याचीही तशी सवय लावावी लागते. मात्र या धोरणाची किंमतही पुढे मोजावी लागली, ती मी लपवणार नाही.

चौथी गोष्ट दिसण्याची. १९८९ साली संघाची जुनी निशाणी काढून नवी आणली. जांभळ्या रंगातले रानमांजराचे आवेशी तोंड. टॉम बुकवॉल्टर या तिथल्याच कलावंताने ते रेखाटले. कपडे बदलल्याने कोणी पैलवान होत नाही, हे खरे. पण ज्या सदऱ्यावर पाचशे पराभवांचे डाग आहेत, तो उतरवून नवा घातला की मुलाला वाटते, मागचे मागे राहिले. आपल्याकडे पाडव्याला घर सारवतो, ते काही फक्त स्वच्छतेसाठी नव्हे.

पाचवी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणजे गुरूची स्वतःची मेहनत आणि माणुसकी. स्नायडर रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसत. वेळ वाचावा म्हणून दिवसातून एकदाच जेवत, अशी त्यांची ख्याती. ते स्वतःच्या हाताने पत्रे लिहीत. आपल्या खेळाडूंना तर लिहीतच, पण प्रतिपक्षाचा एखादा मुलगा चांगला खेळला किंवा जायबंदी झाला, तर त्यालाही चार ओळी धाडत. तीही जांभळ्या शाईत. हाताखालच्या माणसांनाही त्यांनी वाढू दिले. त्यांचे सहायक बॉब स्टूप्स १९९९ साली ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि दुसऱ्याच हंगामात त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

आता पीक कसे आले ते पाहू. पहिल्या वर्षी, म्हणजे १९८९ साली, पहिले तीनही सामने संघ हरला. चौथा सामना ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सस विद्यापीठाशी होता. हा संघ खालच्या श्रेणीतला, तरी सामना अखेरच्या क्षणापर्यंत अटीतटीचा झाला. अगदी शेवटच्या फेकीवर चेंडू रेषेपार झेलला गेला आणि कॅन्सस स्टेट २०-१७ असा जिंकला. तीन वर्षांतला हा पहिला विजय. मधल्या ३० सामन्यांत एक बरोबरी सोडली, तर सगळे पराभव होते. त्या हंगामातला हा एकमेव विजय ठरला. उरलेले सातही सामने हरले. अकरात एक! आपल्याकडे असते तर लोक म्हणाले असते, हाही मास्तर बदला.

त्यांनी बदलला नाही. १९९० साली पाच विजय मिळाले. १९९१ साली सात. १९९२ साली पुन्हा पाचच. सुधारणेची रेघ शिडीसारखी सरळ वर जात नसते, हे शिक्षकांनी या आकड्यांवरून ध्यानात घ्यावे. १९९३ साली मात्र नऊ विजय झाले, आणि हंगामाअखेरच्या कॉपर बाऊल सामन्यात त्यांनी वायोमिंगला ५२-१७ असे हरवले. हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यातला हा त्या विद्यापीठाचा पहिला विजय. पहिल्या विजयापासून इथवर यायला चार वर्षे लागली.

पुढे चढ चालूच राहिला. १९९६ साली गट वाढून बारा कॉलेजांचा बिग ट्वेल्व झाला. १९९७ साली अकरा विजय. आणि १९९८च्या नोव्हेंबरात नेब्रास्काचा ४०-३० असा पराभव! ज्या नेब्रास्काकडून त्यांनी लागोपाठ २९ वर्षे मार खाल्ला होता, त्याच नेब्रास्काला. त्या दिवशी मॅनहॅटनच्या मैदानावर आनंदाने रडणारे म्हातारे शेतकरी असतील, तर मला नवल वाटणार नाही.

पण गोष्ट इथे गोड शेवट करून संपत नाही. त्या हंगामातले अकराही सामने जिंकून संघ गटाच्या अंतिम सामन्यास टेक्सस ए अँड एम विद्यापीठासमोर उभा राहिला. जिंकले, तर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर जाणार. शेवटच्या सत्रात २७-१२ अशी आघाडी होती. ती निसटली. दोनदा जादा डाव खेळवून अखेर ३६-३३ असा पराभव पदरी आला. एवढेच नव्हे, तर हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यांपैकी एकाचेही बोलावणे आले नाही. सोपे प्रतिस्पर्धी निवडल्याचा ठपका या संघावर होताच, तो अशा वेळी भोवतो. म्हणून म्हणतो, गोऱ्ह्याला हलके काम द्यावे, पण बैल झाल्यावर नांगराकडे न्यायला उशीर करू नये.

गटाचे अजिंक्यपद अखेर २००३ साली मिळाले. अंतिम सामन्यात त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला ३५-७ असे लोळवले. १९३४ नंतर ६९ वर्षांनी! दोन वर्षांनी, २००५ साली, स्नायडर निवृत्त झाले. मैदानाला त्यांचे नाव द्यायचे ठरले, तेव्हा नावात 'कुटुंब' हा शब्द हवा, असा त्यांचा आग्रह होता. ५० हजार आसनांच्या त्या मैदानाचे नाव म्हणूनच बिल स्नायडर कुटुंब क्रीडांगण असे आहे.

आणि मग? पुढच्या तीन वर्षांत संघ पुन्हा ढासळला. विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. २००९च्या हंगामासाठी सत्तरीला टेकलेल्या स्नायडर यांना परत बोलवावे लागले. ते आले, आणि २०१२ साली संघाने गटाचे अजिंक्यपद पुन्हा मिळवले, या वेळी विभागून. २०१८च्या अखेरीस ते दुसऱ्यांदा निवृत्त झाले. २७ हंगामांत त्यांच्या नावावर २१५ विजय आहेत. आधीच्या ९३ हंगामांत मिळून २९९ होते, हे आठवा. त्यांच्यामागून आलेल्या ख्रिस क्लीमन यांच्या संघाने २०२२ साली गटाचे अजिंक्यपद जिंकले. एका माणसाने उभारलेले काम त्या माणसावाचून टिकते की नाही, हीच खरी परीक्षा असते. पहिल्या खेपेला कॅन्सस स्टेट त्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास झाले. आपल्या गावोगावच्या संस्थांनी यातून जो घ्यायचा तो बोध घ्यावा.

श्रोतेहो, इथे दोन इशारे द्यायला हवेत. नाहीतर मी फक्त पाळण्यातले गोड गाणे म्हटल्यासारखे होईल.

पहिला इशारा पैशाचा. अमेरिकन कॉलेज फुटबॉल हा कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार झाला आहे. तिथल्या अनेक राज्यांत सरकारी पगारदारांत सर्वांत जास्त पगार प्राध्यापकाला नव्हे, गव्हर्नरलाही नव्हे, तर फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला असतो. अलीकडे तर नियमही बदलले. खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात सहज जाऊ शकतात, आणि २०२१ पासून आपल्या नावावर व छबीवर पैसेही मिळवू शकतात. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ साली बारापैकी तीनच सामने जिंकला होता. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, त्यांच्याबरोबर त्यांच्या आधीच्या कॉलेजातले डझनभर खेळाडू आले, आणि २०२४ साली त्याच संघाने अकरा सामने जिंकले. जे काम कॅन्ससात चार-पाच वर्षांचे होते, ते इथे एका वर्षात झाले. विकतची रोपे आणून लावावी, तसे. रोप लावणे वाईट नाही. पण आपल्या गावच्या शाळेला विकतची रोपे परवडत नाहीत. आपल्याला बीच पेरावे लागते. म्हणूनच आपल्याला उपयोग आहे तो स्नायडर यांच्या जुन्या, सावकाश रीतीचा.

दुसरा इशारा मुलांच्या देहाचा. या खेळात डोक्याला वारंवार हादरे बसतात आणि त्यांचे परिणाम कित्येकांना उतारवयापर्यंत भोगावे लागतात, हे आता वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. मुलगा आधी, संघ मागून. आपल्या कबड्डीतही गुडघा दुखावलेल्या मुलाला 'जाऊ दे, खेळ रे' म्हणून मैदानात ढकलणारे आपण काही कमी नाही.

आता गुरुजींसाठी थोडेसे. आपल्याकडे ना पन्नास हजारांचे मैदान, ना शिष्यवृत्त्या. पण मी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी बहुतेकींना पैसा लागतच नाही. मुलापुढे 'जिल्ह्यात पहिले या' असे न ठेवता 'काल सुटलेली पकड आज सोडू नकोस' असे ठेवायला पैसा लागत नाही. नापास झाला म्हणून कोपऱ्यात बसलेल्या, अंगाने मजबूत पोराला हाक मारायला लागत नाही. शेजारच्या गावाच्या बेताच्या संघाशी आधी दोन-चार सामने लावायला लागत नाही. सामना संपल्यावर चांगल्या खेळलेल्या मुलाला, मग तो आपला असो वा परका, चार ओळींची चिठ्ठी द्यायला कागदाचा एक तुकडा लागतो. आणि लागतो तो वेळ. तो मात्र भरपूर. संस्थेच्या चालकांनीही एक ध्यानात ठेवावे : अकरात एक सामना जिंकणाऱ्या शिक्षकाला दुसरे वर्ष द्यायला धीर लागतो, आणि तो धीर नसेल, तर पुनर्बांधणीच्या गोष्टी बोलू नयेत.

माझ्या कॉलेजचे काय झाले, असे आपण विचाराल. कॅन्ससची ही गोष्ट मी मुलांना सांगितली. अगदी साधी एक वही केली. रोजच्या सरावात कोणाच्या किती चढाया फुकट गेल्या, कोणाच्या हातून किती पकडी सुटल्या, ते मुलांनीच त्यात लिहायचे. एवढेच. त्या वर्षी आम्ही पहिली फेरी कशीबशी ओलांडली आणि दुसऱ्या फेरीत हरलो. पेपरात नाव आले नाही की ढोलताशे वाजले नाहीत.

परतीच्या एसटीत तोच मुलगा, वर्षापूर्वी हसला होता तो, माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, उजव्या कोपऱ्यात माझा हात उशिरा गेला. घोटा धरायच्या ऐवजी मी मांडी धरली. उद्यापासून तेवढंच करू या का?"

यावेळी कोणी हसले नाही. श्रोतेहो, आपण हरलो होतो. पण हरण्याची सवय मोडायला सुरुवात झाली होती.